सोप्यातली तार

अंबूबाईच्या धुण्याला नावं ठेवणारं माणूस अख्ख्या कसबा बावड्यात जन्माला यायचं होतं. ते शेवटी गडहिंग्लजहून, तिच्याच घरात, सून होऊन आलं.

अंबूबाईचं धुणं म्हणजे धुणं होतं. बंबातलं कढत पाणी, मूठभर सोडा, दगडावर धोपटण्याचे दणके आणि शेवटी असा पीळ, की चादरीतलं पाणीच काय, जीवसुद्धा निघून यावा. लेकानं, कृष्णातनं, हौसेनं वॉशिंग मशीन आणलं, तर तिनं त्याच्यावर तांदळाचा डबा ठेवला. नवऱ्याचे लेंगे इतके पांढरे असत की तालमीतले लोक विचारत, वस्ताद, धोबी कोण लावलाय? बाळासो वस्ताद मिशीवरून हात फिरवत. बायकोचं नाव काही सांगत नसत.

आणि अशा बाईला ही कालची पोर धुणं शिकवायला निघाली.

"आत्या, ह्ये कढत पाण्यात घालू नगा," अनुजा म्हणाली होती. "गार पाणी घ्यायचं, पातळ साबण. धोपटायचं न्हाय, पिळायचं बी न्हाय. नुसतं दाबून पाणी काढायचं आन आडवं पसरायचं. कडक उन्हात न्हाय, वाऱ्याला."

"मग धुयाचं तरी कशाला? हातात धरून मुकं घे की त्याचं," अंबूबाई म्हणाली.

ते 'ह्ये' म्हणजे थर्मल. अंगाला चिकटून बसणारा काळा, लांब बाह्यांचा सदरा आणि तसलीच विजार. असे दोन जोड अनुजाकडं होते. ती एका डेअरीत कामाला होती, आइस्क्रीमच्या कोल्ड रूममध्ये. बाहेर वैशाखाचं ऊन पेटलेलं असो नाहीतर पाऊस, त्या खोलीत कायम उणे वीस. वरचं जाकीट, बूट, हातमोजे डेअरी देत असे. अंगाला लागून काय घालायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. गल्लीतल्या बाया हसायच्या, बावड्यात राहून थर्मल? काश्मीरला चाललीस काय गं? अनुजाही हसायची आणि निघून जायची. पोरगी कष्टाळू होती, उलटून बोलणारी नव्हती, हे अंबूबाईलाही मान्य होतं. पण धुणं शिकवते म्हणजे काय?

"ह्याच्या आत बारीक लव हाय, आत्या. त्या लवंत हवा धरून राहतीया, तीच ऊब देती. धोपटलं की लव बसती. मग नुसतं फडकं हातात येतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली अंबूबाईच्या. उभ्या जन्मात तिनं धुतलेल्या कपड्याचं कधी फडकं झालं नव्हतं.

उन्हाळ्याच्या शेवटी एकदा अनुजा घाईत ड्युटीला गेली. थर्मलचा एक जोड बादलीत राहिला. संध्याकाळी येऊन धुते म्हणाली होती. पण वापरलेलं कापड दिवसभर बादलीत पडलेलं अंबूबाईला कसं बघवणार? तिनं ते बंबाच्या कढत पाण्यात बुडवलं, सोडा टाकला आणि दगडावर घेतलं. मुद्दाम केलं असं नाही. पण थोडं मुद्दामच केलं. प्रत्येक दणक्याला तिला बरं वाटत होतं.

तो जोड लोकरीचा होता. अनुजाचा भाऊ सयाजी मिलिटरीत होता, त्यानं तो लडाखहून पाठवला होता. वाळल्यावर सदरा पाच वर्षांच्या पोराला बसेल एवढा राहिला, आणि घट्ट तर असा झाला, की पुठ्ठ्यासारखा उभा राहावा.

संध्याकाळी अनुजानं तो हातात घेतला. छातीला लावून बघितला. कोपरापर्यंतसुद्धा बाही आली नाही. अंबूबाई चुलीपाशी भांडणाची तयारी करून बसली होती. म्हणशील ते म्हण, माझ्याकडंही तोंड आहे. पण अनुजानं सदऱ्याची घडी केली, ट्रंकेत ठेवली आणि भाकरी थापायला बसली. ती कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री अंबूबाईची अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली, आणि त्याचाही राग तिला सुनेचाच आला.

आता एकच जोड उरला. अनुजा तो रोज संध्याकाळी आपल्या हातानं गार पाण्यात धुवायची. सकाळी तोच अंगात घालायचा. उन्हाळा होता तोवर भागलं. पावसाची झड लागली आणि खरी पंचाईत झाली.

घरात कापड वाळेल अशी जागा एकच होती, पुढचा सोपा, म्हणजे बैठकीची खोली. रस्त्याकडच्या दारातून वारा शिरायचा आणि जाळीतून पार निघून जायचा. पावसाळ्यातसुद्धा रात्री टाकलेलं सकाळी कोरडं. तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार बांधलेली होती. तारेवर वस्तादांचे लेंगे, कृष्णातच्या पँटी, पावसाळ्यात एखादं लुगडं. आणि बरोबर मधोमध, सगळ्यात वाऱ्याच्या जागी, वस्तादांचा लाल लंगोट. वस्ताद साठी ओलांडून गेले होते, कुस्ती सुटून जमाना झाला होता, पण पहाटे तालमीत जाऊन चार बैठका मारायचं व्रत सुटलं नव्हतं. येणारा-जाणारा लंगोटाखाली बसायचा, चहा प्यायचा. कुणी वर बघून नाक मुरडलं नाही. उलट एकदोघे जुने लोक हात जोडायचे.

बायकांच्या आतल्या कपड्यांची जागा मागं, न्हाणीत. तिथं एक सुतळी बांधलेली. तिच्यावर ते टाकायचं आणि वरून परकर पसरायचा, म्हणजे कुणाच्या नजरेला पडायला नको. अंबूबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं पहिल्या दिवशी हे दाखवलं होतं. अंबूबाईनंही अनुजाला पहिल्याच दिवशी दाखवलं. न्हाणीच्या भिंतीला बारा महिने शेवाळ. वाऱ्याला वाट नाही. उजेडसुद्धा कौलाच्या फटीतून येईल तेवढाच.

"आत्या, न्हाणीत वाळत न्हाय ओ. सोप्यात टाकू काय? रातच्याला टाकतो, पहाटं काढतो," अनुजानं विचारलं होतं.

वस्ताद सोप्यात पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. पेपराआडूनच बोलले.

"सोप्यात चार माणसं बसत्यात. बाईमाणसाचं आतलं कापाड त्येंच्या तोंडावर लोंबकळत ठिवायचं काय? घर हाय ह्ये, जत्रंतलं दुकान न्हवं."

"सुनला सांगा की नीट," अंबूबाई नवऱ्याच्या सुरात सूर मिसळून म्हणाली. "लाज म्हणून कायतरी असतीया."

थर्मल परकराखाली गेलं.

पुढं काही दिवस अनुजा सकाळी निघताना ते पिशवीत घालायची आणि हातानं चाचपून बघायची. अंबूबाईला ते दिसायचं. तिला वाटायचं, नाटकं. एवढंसं दमट तर असणार, अंगाच्या गरमीनं वाळतंय की.

एक दिवस भर दुपारी दारात स्कूटर थांबली. अनुजाबरोबर काम करणारी मदिहा तिला घेऊन आली होती. अनुजाला स्कूटरवरून उतरता येईना. ओठ जांभळे पडलेले, हनुवटी लटलट हलत होती, हाताच्या मुठी उघडत नव्हत्या. अंबूबाईनं तिला धरून आत नेलं, घोंगडं टाकलं, पाय चोळायला घेतले. पाय असे गार लागले की तिनं दचकून हात मागं घेतला.

"काय झालं गं हिला? ताप हाय काय?"

"ताप कुठला, मावशी! खोलीत गारठली," मदिहा म्हणाली. ती घाबरलेली होती आणि चिडलेलीही. "आतलं थर्मल ओलं होतं हिचं. ओलं थर्मल घालून उणे वीसात जायचं म्हंजे बर्फच बांधून घ्यायचा की अंगाला. त्यापेक्षा न घातलेलं बरं. बाहेर काढली तवा बोलता बी येत न्हवतं. तुमी वाळवत न्हाईसा काय ओ हिचं कापडं?"

 धुण्यात जिचा हात कुणी धरला नाही, तिला एक परकी पोर तिच्याच घरात येऊन विचारत होती, तुमी कापडं वाळवत न्हाईसा काय.

"सायेब म्हणला, परत असं झालं तर खोलीतनं काढणार. दुसरीकडं जागा न्हाय म्हणला, घरीच बसायचं," मदिहा दारातून जाताना म्हणाली. "कायम करणार हुते की ओ हिला पुढच्या महिन्यात."

ती गेली. अनुजाला जरा ऊब आल्यावर अंबूबाईनं तिचे कपडे बदलायला घेतले. अंगावरून थर्मल सोलून काढावं लागलं. काखेत, कमरेला, मांड्यांच्या सांध्यात ते ओलंगच्च होतं. त्याला एक वास येत होता. आंबूस, कोंदट.

"मला का सांगितलं न्हाईस गं?" अंबूबाई ओरडली.

"सांगितलं की, आत्या," अनुजा दात वाजवत म्हणाली. "माझं काम जाईल ओ. ते तेवढं एक माझं हाय."

अंबूबाईनं थर्मल नाकाशी नेलं. तो वास तिच्या ओळखीचा होता. दर पावसाळ्यात तो तिच्या अंगाला लागलेला असायचा. लग्न झाल्यापासून दर पावसाळ्यात तिनं न्हाणीतल्या सुतळीवरचं दमट कापड तसंच अंगावर चढवलं होतं. मांड्यांना चट्टे उठायचे, चालताना आग व्हायची. खोबरेल तेल लावायचं, पावडर मारायची आणि उसाच्या बांधावरून गवताचा भारा घेऊन यायचा. एकदा दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं होतं, मावशी, ओले कपडे घालता का? तेव्हा तिनं छे छे म्हणून सांगितलं होतं. ओलं कापड घालते असं सांगायची तिला लाज वाटली होती. सगळ्या गल्लीच्या धुण्याला नावं ठेवून आपलं धुणं पांढरं शुभ्र म्हणून मिरवणारी ती, आणि स्वतःच्या अंगाला लागणारं कापड आयुष्यात एकदाही कोरडं ठणठणीत मिळालं नव्हतं.

राग आधी मदिहावर आला, मग अनुजावर, मग मेलेल्या सासूवर. तो कुठंच टिकेना. कोरडा टॉवेल आणायला म्हणून ती सोप्यात आली.

तारेवर मधोमध लंगोट वाऱ्यावर झुलत होता. तिनं हात लावला. पापडासारखा कुरकुरीत वाळलेला.

मग मात्र राग बरोबर जागेवर जाऊन बसला.

तिनं लंगोट ओढून काढला आणि खुर्चीवर भिरकावला. थर्मल गार पाण्यात खळबळलं. सवयीनं हात पिळायला गेले, तिनं ते आवरले. टॉवेलमध्ये गुंडाळून, अनुजानं सांगितलं होतं तसं, तळहातानं दाबून दाबून पाणी काढलं. हे असलं नाजूक काम तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. तारेच्या शेजारी दुसरी सुतळी ताणली आणि दोन्हींवर मिळून सदरा आणि विजार आडवी पसरली, ओझ्यानं ताणली जाऊ नयेत म्हणून. वर पंखा सोडला. सोप्याच्या मधोमध ते काळं थर्मल हातपाय पसरून निवांत पडलं.

दिवस मावळायला वस्ताद तालमीतल्या दोघांना घेऊन आले. गणपतीच्या मिरवणुकीचं बोलायचं होतं. दारातच छत्र्या मिटल्या, फरशीवर पाण्याचं थारोळं झालं. वस्तादांनी वर बघितलं. एका हिसक्यात थर्मल खाली ओढलं आणि पायाशी टाकलं. नेमकं त्या थारोळ्यात.

"ए! कुणी ठिवलं ह्ये हितं?"

"मी ठिवलं," अंबूबाई आतून आली. तिनं खाली वाकून थर्मल उचललं. त्यातून चिखलाचं पाणी ठिबकत होतं. आत घोंगड्याखाली अनुजा उठून बसलेली तिला दारातून दिसली.

"चार माणसांत अब्रू घालवतीस व्हय गं?"

"अब्रू?" अंबूबाईचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू गेला असेल. "माझी सून आज मरता मरता घरी आली. कशानं? तर तिचं अंगाखालचं कापाड वाळायला ह्या घरात जागा न्हाय म्हणून. आन तुमचा लंगोट? त्यो चाळीस वर्सं ह्याच चार माणसांच्या डोस्क्यावर लोंबकळतोय. त्यानं न्हाय व्हय गेली कुणाची अब्रू?"

"लंगोटाचं नाव काढू नगंस! पैलवानाचा देव असतोय त्यो!"

"आपलं ठिवायचं उघडं आन दुसऱ्याचं म्हणायचं झाक. भारी देव हाय!"

तालमीतले दोघे एकमेकांकडं बघायला लागले. एकानं मोबाइल काढला, वाजलेला नसताना. दुसरा म्हणाला, "वैनी, आमी उद्या येतो मग."

"बसा की. च्या ठिवलाय," अंबूबाई म्हणाली. सांगण्याची तऱ्हा अशी होती की दोघे मुकाट बसले.

ती थर्मल पुन्हा धुऊन, दाबून, टॉवेलात टिपून घेऊन आली आणि तिनं ते त्या तिघांच्या डोक्यावरच्या तारेवरच पसरलं. चहा पिऊन होईपर्यंत कुणी वर बघितलं नाही. मिरवणुकीचं काय ठरलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग तिनं खुर्चीवरचा लंगोट उचलला, वस्तादांच्या देखत पाण्यात बुडवला, आणि मागं न्हाणीत नेऊन सुतळीवर टाकला. वरून परकर पसरला.

"ह्ये काय चाललंय?" वस्ताद मागून ओरडले.

"देव हाय न्हवं? सोवळ्यात ठिवला," ती म्हणाली.

पहाटे थर्मल खडखडीत वाळलेलं होतं. अनुजानं ते गालाला लावून बघितलं आणि पिशवीत घातलं. अंबूबाईनं डबा दिला. दुपारपर्यंत तिचं लक्ष रस्त्याकडंच होतं. प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला ती दारात येऊन बघायची. स्कूटर आली नाही. संध्याकाळी अनुजा रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी चालत आली आणि म्हणाली, "आत्या, घाम आला ओ आज आत."

वस्तादांनी लंगोटाचं काही विचारलं नाही. स्वतः न्हाणीत जाऊन परकर उचलून आपला लंगोट काढणं म्हणजे हार झाली असती, आणि बायकोकडं मागणं म्हणजे त्याहून मोठी हार. अंबूबाई रोज तो धुऊन न्हाणीतच टाकायची आणि पहाटे त्यांच्या उशाशी आणून ठेवायची. ते हट्टानं तोच बांधायचे आणि तालमीला जायचे. बाहेर पाऊस लागून राहिला होता. न्हाणीतली भिंत घामाघूम झालेली.

आठवडा जायच्या आत वस्ताद एका सकाळी तालमीतून परत आले ते पाय फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत. अंबूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ते दाराशी येऊन थांबले.  अख्खी तालीम ज्या आवाजाला दबकायची, तो आवाज एवढासा झाला होता.

"अंबे, ओलं असतंय गं ते. लई आग व्हतीया."

"व्हय," ती मागं न बघता म्हणाली. "मला ठावं हाय. चाळीस वर्सं ठावं हाय."

वस्तादांनी दाराची चौकट धरली. चुलीत लाकूड तडतडलं.

"मग... कवाच कशी बोलली न्हाईस?"

अंबूबाईचे हात थांबले. आता ती वळली, आणि चाळीस वर्षांत नवऱ्याकडं कधी बघितलं नव्हतं तसं बघितलं.

"जिथं वाळत घालायला जागा न्हवती, तिथं बोलायला कुठली असंल?"

वस्तादांनी मान खाली घातली. न्हाणीत गेले, लंगोट धुतला, आपल्या हातानं पिळला आणि तो घेऊन सोप्यात गेले. त्यांची पावलं तारेपाशी जाऊन थांबली, ती थांबलेलीच राहिली. त्यांना काय दिसत असणार ते अंबूबाईला माहीत होतं. तार भरलेली होती. एका अंगाला अनुजाचं थर्मल होतं, तिला आज सुट्टी होती, आणि त्याच्या शेजारी, वर परकर नाही की पदर नाही, अशी अंबूबाईची स्वतःची आतली दोन कापडं. पांढरी शुभ्र. रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं आणि वारा जोराचा सुटला होता.

"काय सरकवू नगा तिथलं," तिनं आतून आवाज दिला. "वाळू द्या."